तीनशे बॉडची भिंत: हौशी रेडिओतील डिजिटल पद्धती आणि त्यांवरील कायदेशीर वाद

१/
१९८० ते २०२४ या काळात संगणक टेबलावरून खिशात आला, टपालाची जागा ई-मेलने घेतली आणि दूरध्वनीची तार घरांतून नाहीशी झाली. अमेरिकेतील हौशी रेडिओच्या कायद्यातला ३०० हा आकडा मात्र जागचा हलला नाही. लघुलहरींवरून संगणकीय अक्षरे पाठवताना सेकंदाला ३०० हून अधिक संकेतबदल करू नयेत, असा तो नियम होता. तो का आला, इतका का टिकला, आणि तो गेल्यावरही कोणता वाद शिल्लक राहिला, याचा मागोवा या थ्रेडमध्ये.

२/
प्रथम पार्श्वभूमी. हौशी रेडिओ, म्हणजेच 'हॅम' रेडिओ, हा परीक्षा देऊन मिळणाऱ्या परवान्यावर चालणारा बिनपैशाचा छंद आहे. अमेरिकेत १९१२ च्या रेडिओ कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलले, कारण त्या लहरी त्या काळी निरुपयोगी समजल्या जात. पुढे याच 'निरुपयोगी' लहरी हजारो मैल जातात हे हौशी प्रयोगांतून सिद्ध झाले. कायद्याने दिलेल्या अडगळीतून ज्ञान निर्माण करणारा समाज, अशी या मंडळींची स्वतःविषयीची प्रतिमा तेव्हापासूनची आहे. पुढील प्रत्येक वादात ही प्रतिमा हजर असते.

३/
१९३४ च्या कायद्याने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन (पुढे 'आयोग') स्थापन झाले. आयोगाच्या नियमावलीचा ९७ वा भाग हौशी रेडिओसाठी आहे. त्याच्या आरंभीच या सेवेची उद्दिष्टे दिली आहेत. आपत्काळात संदेशवहन, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि आंतरराष्ट्रीय सद्भाव यांबरोबरच रेडिओकलेच्या प्रगतीस हातभार लावणे हेही त्यांपैकी एक. पुढची कलमे मात्र काय पाठवावे, कोठे पाठवावे आणि कोणत्या संकेतात पाठवावे हे बारकाईने बांधून देतात. नवे शोधा असे सांगणारा आणि जुन्याचीच यादी देणारा कायदा एकाच पुस्तकात बांधलेला आहे. येथून पुढच्या सर्व तंट्यांचे मूळ या विसंगतीत सापडते.

४/
या यादीमागे कारण होते. हौशी लहरी सामाईक असतात. कोणाची जागा ठरलेली नसते, कोणाला मक्ता नसतो. शिस्त राखणारे आयोगाचे अधिकारी थोडे आणि परवानाधारक लाखांनी. म्हणून व्यवस्था परस्पर देखरेखीवर उभी राहिली. कोणीही कोणाचेही बोलणे ऐकू शकतो, आणि नियमभंग दिसला तर तो उघड करू शकतो. निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांमधील संदेश 'साध्या भाषेत' असावेत, असे जुने आंतरराष्ट्रीय रेडिओ विनियमही सांगत. ऐकणाऱ्याला समजले पाहिजे, हा या सामाईक कुरणाचा पहिला नियम होता.

५/
मोर्स आणि आवाज असेपर्यंत अडचण नव्हती. ज्याला कान आहे त्याला ऐकू येई. दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत निघालेले दूरमुद्रक हौशी मंडळींच्या तळघरांत आले आणि अक्षरे थेट कागदावर उमटू लागली. नियमांनी त्यासाठी एकच संकेत मान्य केला, फ्रेंच अभियंता एमिल बोदो यांच्या नावाने ओळखला जाणारा पंचघटकी संकेत. पाच घटकांतून ३२ जुळण्या होतात. मोठी अक्षरे, अंक, थोडी चिन्हे, की संपले. सर्वांची यंत्रे एकाच जातीची असल्यामुळे सर्वांना सर्वांचे वाचता येई. नियम आणि यंत्र यांचे तोवर जुळलेले होते.

६/
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती संगणक आला आणि तो 'आस्की' नावाचा सात घटकी संकेत बोलत होता. त्यात १२८ जुळण्या, लहान-मोठी अक्षरे, नियंत्रक चिन्हे. अमेरिकेतील हौशी माणसाला आपल्या टेबलावरच्या संगणकाची भाषा हवेत सोडण्याची मुभा नव्हती. सीमेपलीकडे चित्र वेगळे होते. कॅनडाच्या दळणवळण खात्याने अनुमती दिल्यावर मॉन्ट्रियल येथील हौशी मंडळींनी १९७८ मध्ये पॅकेट रेडिओचे पहिले प्रयोग केले. तंत्र दोन्ही देशांत सारखेच उपलब्ध होते. परवानगीने दोन वर्षांचे अंतर पाडले.

७/
१७ मार्च १९८० रोजी अमेरिकेत आस्कीला मान्यता मिळाली. त्याबरोबर वेगाची मर्यादाही आली. २८ मेगाहर्ट्झच्या खालील लहरींवर कमाल ३०० बॉड, वरच्या पट्ट्यांत क्रमाने अधिक. हेतू रास्त होता. त्या काळच्या पद्धतींत संकेत जितका जलद बदलेल तितकी तो हवेतली अधिक जागा व्यापे. म्हणून वेगाला लगाम घातला की रुंदीला आपोआप लगाम बसेल, असा हिशेब. यातला योगायोगही नोंदवण्याजोगा आहे. 'बॉड' हे एकक त्याच बोदो यांच्या नावावरून पडलेले. त्यांच्या संकेताची मक्तेदारी ज्या दिवशी संपली, त्या दिवसापासून त्यांच्या नावाचे एकक मर्यादा म्हणून बसले.

८/
पुढच्या दशकात पॅकेट रेडिओने वेग घेतला. संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहायचा, तपासणीचा आकडा जोडायचा, आणि तुकडा खराब पोहोचला तर पुन्हा मागवायचा. १९८२ मध्ये अॅरिझोनातील टूसॉन शहरात या कामासाठी हौशी मंडळींची 'टॅपर' ही संस्था उभी राहिली. दूरसंचार कंपन्यांच्या एक्स.२५ या शिष्टाचारावरून हौशी वापरासाठी एएक्स.२५ तयार झाला. त्यात पत्त्याच्या जागी केंद्राचे परवानाचिन्ह असे. आपली ओळख सांगण्याची कायदेशीर अट येथे तंत्राच्या रचनेतच विणली गेली होती. कायदा आणि शोध यांचा असा मेळ पुढे फार वेळा जमला नाही.

९/
पहिला मोठा तंटा संकेतावरून झाला नाही. तो जबाबदारीवरून झाला. पॅकेटमुळे 'टपालपेट्या' शक्य झाल्या. एका केंद्राने संदेश साठवायचा, रात्री पुढच्या केंद्राला द्यायचा, आणि मालक झोपेत असताना यंत्रांनी तो देशभर पोहोचवायचा. १९९१ च्या प्रारंभी, आखाती युद्धाच्या वातावरणात, अमेरिकी हस्तक्षेपाला विरोध करणारा एक संदेश या जाळ्यात शिरला. त्यात लोकांना एका '९००' क्रमांकावर फोन करण्याचे आवाहन होते. अशा क्रमांकांवर फोन करणाऱ्याकडून जादा शुल्क आकारले जाई. हौशी लहरींवर व्यवसायास मनाई असल्यामुळे आयोगाने नोटिसा काढल्या. मूळ लेखकाबरोबर त्या संदेश केवळ पुढे सरकवणाऱ्या केंद्रांच्या चालकांनाही गेल्या.

१०/
चालकांचा बचाव असा होता: आम्ही तो संदेश लिहिला नाही, वाचला नाही, आमच्या यंत्राने तो दिला. आयोगाची बाजूही परंपरेला धरून होती: परवाना तुमच्या नावाचा, म्हणून तुमच्या अँटेनातून जे जाईल त्याचे धनी तुम्हीच. मोर्सच्या काळात हे तत्त्व निर्विवाद होते, कारण किल्लीवर माणसाचा हात असे. आता हात आणि अँटेना यांच्यामध्ये यंत्र आले होते. प्रत्येक संदेश वाचूनच पुढे पाठवावा असा अर्थ घेतला असता तर ते जाळे तिथल्या तिथे थांबले असते. परवाना जाण्याची भीती खरी होती, आणि ती बिनपगारी, स्वतःच्या खर्चाने केंद्र चालवणाऱ्या माणसांना होती.

११/
१९९४ मध्ये नियम बदलले. संदेशाची मुख्य जबाबदारी तो प्रथम सोडणाऱ्या केंद्रावर. अनवधानाने पुढे सरकवणाऱ्या मधल्या केंद्रांवर जबाबदारी नाही. साखळीतील पहिल्या केंद्राने मात्र दोहोंपैकी एक करावे: पाठवणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, नाहीतर संदेशाची जबाबदारी स्वतः उचलावी. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराला वाहक किती जबाबदार, हा प्रश्न इंटरनेटच्या संदर्भात जगभरच्या न्यायालयांत पुढे गाजला. छांदिष्टांच्या या लहानशा जगाने त्याचे एक उत्तर तोवर लिहून ठेवले होते, आणि ते आजही नियमावलीत आहे.

१२/
दरम्यान लघुलहरींवर नव्या पद्धतींची रीघ लागली. चुका शोधून दुरुस्त करणाऱ्या 'अॅमटॉर'ला १९८३ मध्ये मान्यता मिळाली. जर्मनीतून 'पॅक्टर' आली, अमेरिकी कंपन्यांकडून 'क्लोव्हर' आणि 'जी-टॉर'. दर वेळी यादीत नवे नाव घालायचे तर आयोगाला दुसरे काम उरले नसते. म्हणून १९९५ मध्ये तोडगा निघाला: ज्या तंत्राची वैशिष्ट्ये सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध आहेत असे कोणतेही तंत्र वापरता येईल. नियमात उदाहरण म्हणून क्लोव्हर, जी-टॉर आणि पॅक्टर ही नावे छापली गेली. यादीचा कायदा येथे प्रथमच तत्त्वाच्या कायद्याकडे वळला.

१३/
तत्त्वाला मात्र अर्थ लावावा लागतो. 'सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध' म्हणजे नेमके किती? पद्धतीचे वर्णन वाचून जाणकाराला ती ओळखता आली म्हणजे पुरे, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसऱ्या पक्षाला ते पुरेसे वाटेना. वर्णन वाचून कोणालाही स्वतःचे यंत्र बांधता आले पाहिजे आणि चालू असलेले संभाषण बाहेरून वाचता आले पाहिजे, असा त्याचा आग्रह. एकाच कंपनीचे महागडे मोडेम घेतल्याशिवाय जे वाचता येत नाही ते 'प्रसिद्ध' कसे, हा त्यांचा सवाल. नियमाच्या एका शब्दावर पुढची तीन दशके दोन्ही बाजू उभ्या राहिल्या.

१४/
त्याच सुमारास दुसरी वाटणीही झाली. माणूस हजर नसलेल्या स्वयंचलित डिजिटल केंद्रांसाठी लघुलहरींत ठराविक पट्टे राखले गेले. त्यांबाहेर अशा केंद्राने फक्त माणसाच्या हाकेला उत्तर द्यावे आणि ५०० हर्ट्झपेक्षा अधिक जागा घेऊ नये, अशी अट आली. तक्रार अशी होती की यंत्र बोलण्याआधी ऐकत नाही. दूरवरच्या दोघांचे मंद मोर्स चालू असते, यंत्राला ते ऐकू येत नाही, आणि ते मध्येच गर्जते. सामाईक रस्त्यावर चालकाविना गाडी सोडावी काय, असा हा प्रश्न होता. ऐकणारा माणूस हाच या छंदाचा पाया मानणाऱ्यांना तो जिव्हारी लागला.

१५/
व्याख्येचा सर्वांत विलक्षण वाद 'विस्तारित वर्णपट' पद्धतीवरून झाला. या तंत्रात संदेश मुद्दाम रुंद पट्ट्यात पसरवतात. १९४२ मध्ये अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी मिळवलेले पेटंट याच कुळातले. अमेरिकेत हौशी वापरासाठी हे तंत्र १९८६ पासून खुले झाले, पण केवळ अतिउच्च कंप्रतांवर. आरंभी पसरवण्याचे क्रमही नियमांनीच ठरवून दिलेले होते, जेणेकरून देखरेख करणाऱ्याला मागोवा घेता यावा. लघुलहरींवर या तंत्राला सक्त मनाई होती.

१६/
२०१० मध्ये स्पेनमधील एका हौशी प्रोग्रामरने 'आरओएस' नावाची पद्धत फुकट उपलब्ध केली. अगदी क्षीण संकेतही ती टिपत असे. तिच्या परिचयपत्रकात कर्त्याने अभिमानाने 'विस्तारित वर्णपट' हा शब्द वापरला आणि अमेरिकी हौशी मंडळींत खळबळ उडाली. हा शब्द खरा असेल, तर लघुलहरींवर ती वापरणे बेकायदा. कर्त्याने पुढे वर्णन बदलून ती साधी कंप्रता-बदल पद्धत असल्याचे सांगितले. हवेत जाणारा संकेत तोच. कागदावरचे नाव बदलले की कायदेशीरपणा बदलतो काय? आयोगाची भूमिका अशी होती की एखादी पद्धत नेमकी काय आहे हे आम्ही ठरवत नाही, ते ठरवण्याची जबाबदारी परवानाधारकाची.

१७/
या उत्तराचे महत्त्व मोठे आहे. न्यायाधीशाने निकाल न देता आरोपीलाच स्वतःचा न्याय करायला सांगितल्यासारखे ते अनेकांना वाटले. परंतु त्यामागे या सेवेची मूळ कल्पनाच होती. परवाना परीक्षेनंतर मिळतो, म्हणजे परवानाधारकाला आपण काय सोडतो आहोत हे कळते असे गृहीत असते. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली उतरवून घेऊन बटण दाबणाऱ्या पिढीत हे गृहीतक किती टिकते, हा प्रश्न आरओएसने उघडा पाडला. संगणकाने साधन सोपे केले आणि जबाबदारी पूर्वीइतकीच जड राहिली.

१८/
आवाजाच्या बाबतीतही हाच पेच आला. जपानच्या हौशी रेडिओ संघाने विकसित केलेल्या 'डी-स्टार' पद्धतीचा आराखडा खुला होता. आवाजाचे अंकांत रूपांतर करणारा भाग मात्र एका अमेरिकी कंपनीच्या पेटंटाखाली असलेल्या चिपवर अवलंबून होता. यंत्र विकत घेता येई, पण ते आतून समजून घेऊन घरी बांधता येत नसे. प्रयोगासाठी दिलेल्या लहरींवर बंद पेटी चालावी काय, ही त्यावरची टीका. तिला सर्वांत उपयोगी उत्तर प्रयोगशाळेतून मिळाले. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांनी 'कोडेक २' हा मुक्तस्रोत पर्याय लिहिला आणि खुल्या डिजिटल आवाजाची वाट मोकळी झाली.

१९/
सर्व नव्या पद्धतींवर वादळ उठले असे मात्र नाही. १९९८ मध्ये इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी आणलेली 'पीएसके३१' सेकंदाला ३१.२५ संकेतबदल करते आणि आवाजाच्या एका संभाषणाच्या जागेत तिची कित्येक संभाषणे मावतात. २०१७ मध्ये आलेल्या 'एफटी८'चे एक कर्ते जोसेफ टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. तिची रुंदी सुमारे ५० हर्ट्झ, आज्ञावली खुली. या पद्धती काही महिन्यांत जगभर पसरल्या, तरी कायद्याच्या दारात त्यांना कोणी अडवले नाही. अरुंद, प्रसिद्ध आणि कोणालाही वाचता येणारी अशी पद्धत असली की जुन्या नियमांतही नवीनाला जागा होती.

२०/
अडचण होती ती मोठा मजकूर वेगाने नेणाऱ्या पद्धतींची. येथे ३०० चा आकडा आडवा आला. बॉड म्हणजे सेकंदातील संकेतबदल. किती माहिती गेली वा किती जागा व्यापली, हे तो सांगत नाही. पॅक्टर-३ ही पद्धत १८ सूर एकदम वाजवते, प्रत्येक सूर १०० बॉडने बदलतो. रुंदी सुमारे २.४ किलोहर्ट्झ. ती कायदेशीर. पॅक्टर-४ साधारण तेवढ्याच रुंदीत एकच सूर १८०० बॉडने बदलते आणि सुमारे दुप्पट वेगाने मजकूर नेते. ती बेकायदा. हवेत दोघी सारखीच जागा अडवतात, आणि जी लवकर काम आटोपून जागा मोकळी करते तिलाच बंदी. १९८० चा हिशेब येथे उलटा पडला होता.

२१/
मग आकडा बदलायला इतकी वर्षे का लागली? अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये रुंदीवर आधारित नियमांची मागणी केली आणि सभासदांतील तीव्र मतभेदांनंतर २००७ मध्ये ती मागे घेतली. २०१३ मध्ये तिने मर्यादित अर्ज केला: ३०० बॉडची अट काढा, त्याजागी २.८ किलोहर्ट्झची रुंदी ठेवा. २०१६ मध्ये आयोगाने प्रस्ताव मांडला, पण त्यात बॉडची अट काढून रुंदीची अट घालण्याचे टाळले होते. कुंपण काढा आणि नवे घालू नका, असा त्याचा अर्थ अनेकांनी घेतला आणि विरोधाला धार आली.

२२/
विरोधकांना प्रगतीचे शत्रू म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. मोर्सचे एक संभाषण दीडदोनशे हर्ट्झमध्ये मावते. त्याच पट्ट्यात २.८ किलोहर्ट्झ रुंदीचे, माणसाविना चालणारे केंद्र आले, तर दहाबारा संभाषणांची जागा एकटे खाते. कमी शक्तीची यंत्रे घरी बांधून दूर देशी संपर्क साधणाऱ्या माणसाला हा संकोच प्रत्यक्ष भोगावा लागतो. ३०० चा आकडा तर्काला सोडून होता हे त्यांतील अनेकांना मान्य होते. तरीही तो चुकीच्या कारणाने का होईना, योग्य वस्तूचे रक्षण करत आहे, अशी त्यांची धारणा होती.

२३/
या वादाला समांतर दुसरा, अधिक खोल वाद चालू होता: गुप्ततेचा. आपत्कालीन कामात रुग्णांची खाजगी माहिती पाठवावी लागते, म्हणून तेवढ्यापुरते सांकेतिकीकरण मान्य करावे, अशी याचिका २०१३ मध्ये आयोगापुढे आली. बहुसंख्य हौशी मंडळींनीच तिला विरोध केला आणि त्याच वर्षी आयोगाने ती फेटाळली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. एकदा अपवाद केला की ऐकणाऱ्याला खरी आपत्ती कोणती आणि बहाणा कोणता हे कळण्याचा मार्गच उरणार नाही. देखरेख बंद पडली की सामाईक लहरी कोणाच्याही व्यापाराचे फुकट साधन होतील.

२४/
येथे आंतरराष्ट्रीय नियमातील एक शब्दबदल ध्यानात घ्यावा लागतो. 'साधी भाषा' ही जुनी अट संगणकयुगात निरर्थक झाली होती, कारण आस्कीचे सूर कोणाच्याही कानाला भाषा वाटत नाहीत. २००३ मध्ये जिनिव्हा येथील जागतिक रेडिओ परिषदेने ती बदलली. संदेश 'अर्थ लपवण्याच्या हेतूने' सांकेतिक केलेला नसावा, असा नवा पाठ आला. उपग्रहांना दिल्या जाणाऱ्या नियंत्रण-आज्ञांपुरता अपवाद ठेवला गेला. कसोटी परिणामावरून हेतूवर गेली. हेतू तर मनात असतो. तो लहरींवर ऐकू येत नाही.

२५/
नेमक्या या फटीतून २०१९ चा तंटा उभा राहिला. 'विनलिंक' ही स्वयंसेवकांची व्यवस्था लघुलहरींवरून ई-मेल पोहोचवते. समुद्रातील नाविक आणि आपत्ती-निवारक यांचा तो आधार. न्यू यॉर्क विद्यापीठाने आयोगाकडे अर्ज केला की काही पद्धतींत मजकूर इतका दाबून आणि दोन्ही टोकांच्या परस्पर कबुलीवर अवलंबून पाठवला जातो, की तिसऱ्याला तो प्रत्यक्षात वाचताच येत नाही. ही परिणामतः गुप्त भाषा आहे आणि ती निषिद्ध ठरवावी. विनलिंकच्या बाजूचे उत्तर: आमचा हेतू कार्यक्षमतेचा आहे, लपवण्याचा नाही. तंत्र प्रसिद्ध आहे, आणि परवानाधारकांना संदेश पाहता येतील अशी सोयही आहे. उत्तरकर्ते म्हणाले 'हेतू पाहा', अर्जदार म्हणाले 'परिणाम पाहा'. २००३ मध्ये शब्द बदलले तेव्हाच हा संघर्ष लिहिला गेला होता.

२६/
वाद कागदावर चालू असताना वादळे थांबत नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोची वीज आणि दूरध्वनी यंत्रणा मोडून टाकली. तेथील मदतकार्यासाठी आयोगाने ३०० बॉडची अट तात्पुरती शिथिल केली, आणि पुढील काही चक्रीवादळांतही तशाच सवलती दिल्या. या सवलतींनी लीगच्या हाती प्रभावी मुद्दा दिला. संकटात जी पद्धत उपयोगी म्हणून मान्य होते तिचा सराव शांततेच्या काळात बेकायदा असेल, तर संकटाच्या दिवशी ती चालवणारा हात येणार कोठून?

२७/
अमेरिकी काँग्रेसमध्ये या विषयावर विधेयकही मांडले गेले. अखेर १३ नोव्हेंबर २०२३ रोजी आयोगाने आदेश काढला. ३०० बॉडची अट रद्द, त्याजागी २.८ किलोहर्ट्झची कमाल रुंदी. ८ जानेवारी २०२४ पासून तो अमलात आला. विशेष हे की २०१६ च्या प्रस्तावात नसलेले रुंदीचे कुंपण अंतिम आदेशात आले. ही विरोधकांच्या चिकाटीची कमाई म्हणावी लागेल. कायद्याने चव्वेचाळीस वर्षांनी जे मोजायचे होते ते मोजायला सुरुवात केली. घड्याळ बाजूला ठेवून हाती मोजपट्टी घेतली.

२८/
या सर्व तंट्यांत तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पद्धत किती जागा घेते? तिची जबाबदारी कोणाची? आणि तिसऱ्याला ती ऐकता येते काय? पहिल्याचे उत्तर २०२३ ने दिले. दुसऱ्याचे १९९४ च्या नियमाने बऱ्याच अंशी दिले. तिसरा प्रश्न जुन्या मोर्सवाल्यांनी उभा केला तेव्हा तो हट्ट वाटला असेल, पण तोच सर्वांत टिकाऊ ठरला आहे. संकेत जितका हुशार, तितका तो त्रयस्थाला दुर्बोध. कार्यक्षमता आणि उघडेपणा यांचे हे वैर तंत्राच्या स्वभावातच आहे. ते एका आदेशाने मिटणारे नाही.

२९/
इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रकरणात आणखी एक गोष्ट दिसते. ३०० चा नियम कोणा दुष्टाने केलेला नव्हता. १९८० च्या यंत्रांचे ते अचूक वर्णन होते. वर्णनाचा नियम झाला, यंत्रे बदलली, आणि नियम स्वतःच्या कारणाला विसरून उभा राहिला. असे नियम काढणे कठीण जाते, कारण तोवर त्यांच्या सावलीत कोणीतरी घर केलेले असते. येथे ते घर मंद मोर्स टिपत बसलेल्या माणसाचे होते. नियम बदलताना त्याच्यासाठी नवे कुंपण घालावे लागले, आणि ते घातले गेले म्हणूनच हा बदल टिकण्याची शक्यता अधिक आहे.

(थ्रेड समाप्त)